अज्ञात इसमांचा श्रावण

बाजरी कंबरेला लागली की आमच्या गावाला आकाश दिसायला लागतं. एरवी वर्षभर मान वर करायला कुणाला सवड नसते. पाऊस आला का एवढं बघायचं आणि पुन्हा खाली मान घालून मोबाईल चाळायचा. पण श्रावण येतो, बाजरी दाट होते, आत माणूस बसला तर दिसणार नाही इतकी वाढते, आणि मग पहिला निरोप येतो. यंदाही आला. परवा सकाळी मी चहा गाळत होते आणि ओट्यावरचा फोन थरथरला. 'सावधान. आपल्या भागात पुन्हा ड्रोन फिरत आहेत. चोर आधी ड्रोनने घरं बघून जातात. अनोळखी माणूस दिसल्यास सोडू नये.' खाली जोडलेल्या हातांची चार चित्रं. हात जोडून दुसऱ्याला बडवायचं आवाहन करायची ही कुठली रीत, मला कळत नाही. माझं डोकं फिरलं आणि चहा निम्मा ओट्यावर सांडला.

दोन वर्षांपूर्वीचा निरोप शब्दाशब्दाने हाच होता. तेव्हा कुणी लिहिला, आता कुणी लिहिला, देव जाणे. पण त्या श्रावणात काय झालं ते गावाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तरी कुणी एकाने सुद्धा ग्रुपवर लिहिलं नाही की बाबांनो, मागच्या खेपेला आपण काय करून बसलो ते आठवा. उलट सत्तावीस जणांनी होकाराचे अंगठे टाकले. मोजले मी.

मी बावीस वर्षं इथल्याच माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. गावातल्या पस्तिशीच्या आतल्या बहुतेकांनी माझा खडू अंगावर झेललेला आहे. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी मला भजनी मंडळाचा सल्ला दिला. माझा गळा वर्गात ओरडायला ठीक, गायला नाही. मी पुण्याहून अंगठ्याएवढा रेडिओ रिसीव्हर मागवला. जुन्या लॅपटॉपला जोडला, तांब्याच्या तारेची वीतभर अँटेना वाकवून केली आणि गच्चीतल्या टाकीच्या वर वेळूच्या काठीला बांधली. जाऊबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात टीव्हीला काठी कशाला?" त्यांना म्हटलं, ही काठी ऐकते.

आणि खरंच ऐकायची. डोक्यावरून जाणारं प्रत्येक प्रवासी विमान सारखं स्वतःची ओळख सांगत असतं, दर सेकंदाला. मी अमुक, इतक्या उंचीवर, इतक्या वेगाने, या दिशेला. कुणी विचारो न विचारो. माझा रिसीव्हर ते पकडायचा आणि पडद्यावरच्या नकाशात एक पिवळं विमान हळूहळू सरकायला लागायचं. संध्याकाळी मी गच्चीत खुर्ची टाकून बसायची. शेजारच्या लिंबाच्या बागेतून ओल्या मातीचा वास यायचा, खाली जाऊबाईंच्या परातीत भाकरी थापल्याचा आवाज, आणि वर हे सगळे नावानिशी निघालेले. मुंबईहून हैदराबादला. आखातातून थेट पूर्वेकडे, समुद्र ओलांडून. आमच्या गावावर कधी उतरणार नाहीत, आमचं गाव त्यांना दिसणारही नाही, तरी अदबीने नाव सांगून जात होते. मला ते फार आवडायचं. साठाव्या वर्षी माणसाला एवढं कशाचं तरी वेड लागावं, यात मला गंमत वाटायची.

मग तो श्रावण आला. पारनेरहून माझ्या बहिणीचा फोन आला की त्यांच्याकडे रात्री आकाशात दिवे दिसतात. शेवगावहून एका जुन्या विद्यार्थ्याचा आला, तेच. आठवड्याभरात आमच्या गावातही दिवे दिसायला लागले. गस्तीच्या पाळ्या लागल्या. माझा पुतण्या, जाऊबाईंचा सागर, पुढारी झाला. अंगाने दांडगा, मनाने तसा वाईट नाही, पण शिट्टी गळ्यात पडली की माणूस बदलतो. पोरं काठ्या घेऊन फिरायला लागली. बाया गच्चीवरून भांडी वाजवायच्या. म्हाताऱ्या पदर डोक्यावरून ओढून घ्यायच्या, जणू ड्रोनला पदराआडचं दिसत नाही.

मला राग आला. विज्ञान शिकवलेल्या गावात विमानाच्या दिव्याला भिऊन भांडी वाजवतात म्हणजे माझ्या बावीस वर्षांचा निकालच लागला. मी काठीसकट लॅपटॉप उचलला आणि मारुतीच्या देवळापुढच्या पारावर नेऊन ठेवला. वर तांबडा दिवा लुकलुकत आला की मी पडद्यावर बोट ठेवायची. "हे बघा. हैदराबादला चाललंय."

नामदेवतात्या सगळ्यांत पुढे बसायचे. गावात बैलजोडी राखून असलेल्या तीन-चार म्हाताऱ्यांतले ते एक. ते पडद्याकडे बघायचे, मग वर बघायचे.

"मंजी बाई, त्यो चोर न्हाई?"

"नाही तात्या. दीडशे माणसं बसलीत त्यात. चहा पितायत."

"आन् आमी हितं काठ्या घिऊन हुभं!" म्हणून ते इतके हसायचे की खोकला लागायचा.

हळूहळू भांडी वाजायची थांबली. पोरं रोज दिवेलागणीला यायची. "काकू, ह्यो कोन?" "काकू, त्यो पांढरा?" मी सांगायची. मला आतून गुदगुल्या व्हायच्या. शाळा सुटल्यावर इतक्या पोरांनी मला इतक्या उत्सुकतेने काही विचारलं नव्हतं. आता मागे वळून बघताना त्या गुदगुल्यांचीच जास्त चीड येते.

कारण एक गोष्ट मी त्यांना नीट सांगितली नव्हती. माझ्या रिसीव्हरला फक्त विमानांची भाषा कळते. हवाई दलाचं विमान गप्प जायचं ठरवून निघालं तर ते त्याला दिसत नाही. ड्रोन तर नाहीच दिसत. काही ड्रोन आपली ओळख सांगतात, पण वेगळ्याच लहरींवर, आणि तेही जवळपासच ऐकू येतं. बरेचसे काहीच सांगत नाहीत. हे मी एकदा म्हटलं होतं, पहिल्या दिवशी, आणि तेव्हा निम्मे लोक बोलत होते. वर्गात मी असं कधी सोडलं नसतं. 'कळलं का? पुन्हा सांग बघू,' असं विचारल्याशिवाय पुढे गेले नसते. पारावर मात्र गेले. पोरांनी आपला सोपा नियम करून टाकला: बाईंच्या मशीनमध्ये आहे ते विमान, नाही ते चोराचं. हा नियम माझ्या कानावर येत होता. मी तो खोडला नाही.

आता लालाभाईंबद्दल सांगते. लालाभाई नालबंद. काष्टीला राहतात. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा त्यांचे वडील यायचे आणि लालाभाई दोर धरायचे. पोळ्याच्या आधी पंधरा दिवस आमच्या चिंचेखाली रांग लागायची. बैलाला दोराचा वेढा देऊन अलगद आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासून त्यावर पत्री बसवायची आणि खिळे ठोकायचे. टक, टक, टक, आणि मग जरा थांबून पुन्हा टक. लालाभाई बैलाशी बोलत ठोकायचे. "झालं राजा, झालं, येकच ऱ्हायला." खिळे ओठात धरून हे सगळं कसं बोलता यायचं कोण जाणे. तासलेल्या खुरांचा एक उग्र वास दुपारभर अंगणात राहायचा.

मग ट्रॅक्टर आले आणि चिंचेखालची रांग गेली. त्याबद्दल मी गळा काढणार नाही, बैलांनाही सुटका हवीच होती. पण गावात जे सहा-आठ बैल उरले, त्यांच्यासाठी लालाभाई दर श्रावणात मोटारसायकलवरून येतच राहिले. म्हातारे त्यांना ओळखायचे. तरुण पोरांच्या दारात दावणच नाही, ती नालबंदाला कुठून ओळखणार?

त्या संध्याकाळी वीज गेली होती आणि पारावर न जाता मी बॅटरीवरचा लॅपटॉप घेऊन गच्चीतच बसले होते. पाऊस पडून गेलेला, पश्चिमेला अजून तांबूस उजेड होता. नाल्याच्या अंगाला, बाजरीच्या वर, एक हिरवट दिवा आला आणि तिथेच थांबला. खाली येईना, पुढे जाईना. घोंघावल्यासारखा आवाज येत होता. सागर धावत गच्चीत आला, मागे आठ-दहा जण.

"काकू, बघा बघा, ह्यो कोन हाय?"

मी पडद्यावर पाहिलं. नाल्यावर काहीच नव्हतं. मी म्हटलं, "यात नाही."

एवढंच म्हटलं मी. पुढे तोंड उघडलं होतं, "पण याचा अर्थ असा नाही की," इथपर्यंत आले असेन, तोवर जिन्यावरून धाडधाड पाय खाली गेले आणि शिट्टी वाजली.

लालाभाई तात्यांच्या वस्तीवरून परत निघाले होते. बाजरीतल्या गाडीवाटेने. तो दिवा त्यांनाही दिसला, नवल वाटलं, म्हणून गाडी लावून वर बघत उभे राहिले. गावातली सगळी माणसं त्या वेळी जे करत होती तेच ते करत होते. पोरांनी त्यांना घेरलं. पिशवी उपडी केली. दोरखंड, हातोडी, पकड, खुरं तासायची वाकडी सुरी, आणि डबाभर खिळे. चोराचं सामान याहून वेगळं काय असतं, असं नंतर एकाने मला छाती पुढे काढून विचारलं. मी त्याला सहावी ते दहावी शिकवलेलं आहे.

लालाभाई म्हणत होते, "मी नालबंद हाय. नालबंद हाय. तात्यांच्या बैलांना पत्र्या मारून आलोय."

कुणीतरी विचारलं, "नालबंद म्हंजी काय?"

हा प्रश्न मी वाटेवर धापा टाकत पोचताना माझ्या कानांनी ऐकला. शेतकऱ्यांच्या पोरांचा प्रश्न. आणि उत्तराची वाट न बघता पहिली काठी पडली. माझं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. मोबाईलच्या उजेडात मला पाठी दिसत होत्या, शर्ट दिसत होते, आणि शर्टावरूनच मी एकेकाला ओळखत होते.

मग तात्या आले. बोडक्याने, चिखलातून धावत. "आरं मेल्यांनो, माज्या बैलांचं पाय बघा! आत्ता मारल्यात पत्र्या, ताज्या हायती!" आणि खरं सांगते, दोघे जण गेले. माणूस खाली पडलेला असताना दोघे जण तात्यांच्या गोठ्यात गेले, बैलाचा पाय उचलून पत्र्या पाहून आले आणि म्हणाले, "व्हय, नव्या हायेत." तेव्हा कुठे काठ्या खाली आल्या. माणसाच्या शब्दाला बैलाच्या खुराची साक्ष लागली.

लालाभाई बांधावर टेकून बसले. उजवं मनगट लोंबत होतं. आणि डाव्या हाताने ते चिखलातले खिळे वेचत होते. मी म्हटलं, राहू द्या हो, आधी दवाखान्यात चला. ते म्हणाले, "न्हाई बाई, जनावराच्या पायात जात्याल."

तो दिवा कसला होता ते दुसऱ्या दिवशी कळलं. कसलीशी मोजणी चालली होती. नाल्याच्या पलीकडे एक गाडी आली होती, दोन जणांनी ड्रोन उडवला, काम झालं, डब्यात बंद केला आणि निघून गेले. ग्रामपंचायतीला एक चिठ्ठी नाही, पोलीस पाटलाला एक फोन नाही. सगळ्या भागात लोक काठ्या घेऊन उभे आहेत हे वर्तमानपत्रात रोज येत होतं, ते मोजणीवाल्यांनी वाचलं नसेल का? देवळाच्या भोंग्यावरून एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? पण सांगायचं कुणाला, गावाला? आमच्या जमिनीवरून उडायचं, आमचे बांध मोजायचे, आणि आम्हाला विचारायची तर नाहीच, सांगायचीही गरज नाही. आकाशात सगळ्यात खाली उडणाराच सगळ्यात गप्प होता.

पोलीस आले. कागद झाला. त्यात लिहिलं, 'अज्ञात इसमांनी अंधारात मारहाण केली.' गावात चाळीस-पन्नास माणसं त्या वाटेवर होती. एकाच शाळेत शिकलेली, एकमेकांच्या हळदीत नाचलेली. सगळी एका संध्याकाळपुरती अज्ञात झाली. ज्याला विचारावं तो म्हणे, "अंधार हुता." जाऊबाई माझ्या खोलीत येऊन रडल्या. "पोराचं लग्न ठरायचं हाय, बाई. तुमच्या पाया पडते." हवालदाराने मला विचारलं, तुम्ही कुणाला पाहिलं का? मी म्हटलं, मी उशिरा पोचले. खोटं नव्हतं ते. खोटं नसलेलं आणि तरीही घाणेरडं असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्या रात्री रिसीव्हर बंद केला. पस्तीस हजार फुटांवरची परकी विमानं दर सेकंदाला नाव सांगतायत आणि मी खाली जमिनीवर सख्ख्या पुतण्याचं नाव गिळून बसलेय, हे बघत बसायची माझी छाती नव्हती.

दोन वर्षं गेली. सागरचं लग्न झालं. आता तोच सागर आणि त्याचे सोबती उसावर फवारायला ड्रोन भाड्याने आणतात. मागच्या महिन्यात पहिल्यांदा आणला तेव्हा नारळ फोडला, पंख्यांना हळदकुंकू लावलं, फोटो काढले. आपल्या हातात आला की ड्रोन लक्ष्मी, दुसऱ्याच्या हातात गेला की चोर.

काल सकाळी देवळाचा भोंगा वाजला. पोलीस पाटलांचा आवाज. "ग्रामस्थांना कळवण्यात येतं की नालबंद लालाभाई आज गावात येत आहेत. त्यांनी आधार कार्ड दाखवलेलं आहे. कुणी घाबरू नये." मी ओसरीत तांदूळ निवडत होते. ताट बाजूला ठेवलं. तीस-पस्तीस वर्षं येणारा माणूस. त्याने आपल्याला घाबरायचं, की आपण त्याला?

ते तात्यांकडे जाताना माझ्या दारात थांबले. प्लॅस्टिकच्या पाकिटात कार्ड, गळ्यात दोरीने अडकवलेलं. मनगट वाकडंच जुळलंय. "डाव्या हातानं ठोकाया शिकलो, बाई," म्हणाले. "खिळा वाकडा जातो कधी. बैल समजून घेत्यात." मी चहा दिला. कप रिकामा करून त्यांनी खाली ठेवला.

"बाई, येक इचारू का? रागवू नका."

"विचारा."

"त्या टायमाला कोन कोन हुतं, तुमाला म्हाईत हुतं का?"

मी ताट पुढे ओढलं आणि तांदळातले खडे शोधायला लागले. त्यांना उत्तर मिळालं.

"मला सूड न्हाई घ्यायचा. कोर्टकचेरी बी नको. पर मला तोंडं दिसली न्हाईत, बाई. आता गावात कुनी राम राम घातला की वाटतं, ह्योच तर नसंल? समद्यांवर डाऊट येतो. चांगल्या मानसांवर बी. नावं कळली असती तर बाकीच्यांना मोकळ्या मनानं राम राम केला असता. येवढंच."

मी उठले. पदर खोचला. त्यांना म्हटलं, चला माझ्यासोबत. ठाण्यात जाऊन मी लिहून देणार आहेच, ते कागदाचं काम आहे. पण गाव ज्या भोंग्यावरून यांना घाबरू नका असं ऐकतं, तिथेच हे आधी झालं पाहिजे. जाऊबाईंनी दारातून हाक मारली, तिच्यात रडू होतं. मी थांबले नाही. त्यांच्या रडण्याला मी दोन वर्षं दिलीत, लालाभाईंच्या मनगटातून काढून.

देवळात पोलीस पाटील अजून होते, माईक चालू होता. मी तो हातातून घेतला.

"ऐका. दोन वर्षांपूर्वी बाजरीच्या वाटेवर लालाभाईंचा हात मोडला, ती माणसं अज्ञात नव्हती. मी सगळ्यांना ओळखते. नावं सांगते. पहिलं नाव माझं. दिवा मशीनमध्ये नाही असं मीच म्हटलं, आणि त्याचा अर्थ समजावून दिला नाही. नंतर विचारलं तेव्हा गप्प बसले. दुसरं नाव..."

तिसऱ्या नावाला कुणीतरी वायर उपटली. भोंगा खरखरला आणि मेला. मी पायरीवर आले. समोर पारावर बरीच जणं होती, लालाभाई पाराच्या कडेला उभे होते. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, त्याला भोंगा कधी लागला नाही. चौथं नाव घेतलं. पाचवं सागरचं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, हजेरीपटात होतं तसं.

तो पारावरच होता. नाव ऐकलं आणि उठून उभा राहिला. लालाभाई त्याच्याकडे बघत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, खाली बस म्हणेन म्हणून. मी म्हटलं नाही. सहावं नाव घेतलं.